करंजपाखाडीत कोणीही वारले नाही

मु. करंजपाखाडी, बोरिवलीच्या खाडीपलीकडे
रविवार, उपासनेनंतर

आदरणीय मेहुणे श्री. सत्यवानराव थोरात (निवृत्त मुख्याध्यापक) यांच्या सेवेशी, शांतवन दादू पारखे याचा ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

आपले गुडघे या थंडीत बरे आहेत असे समजून पुढे लिहितो. बरे नसल्यास हे पत्र पाय लांब करून वाचावे, कारण ते लांबणार आहे. वहिनीसाहेबांचा रक्तदाब, धाकट्या नातीची दहावी आणि तांबड्या गाईचे बाळंतपण, या तिन्हींची हकीकत सविस्तर कळवावी. (गाय व्याली असल्यास खरवसाविषयी माझ्या मनात काहीही नाही. केवळ चौकशी म्हणून विचारले.) येथे सर्व जण सुखरूप आहेत. हे वाक्य मी रिवाज म्हणून लिहिलेले नसून मुद्दाम लिहिले आहे, कारण गेल्या रविवारी करंजपाखाडीत कोणी एक मोठे वृद्ध गृहस्थ वारल्याची बातमी वाकोल्यातील आमच्या जुन्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचली होती, आणि वाकोल्यास पोहोचलेली बातमी आपल्याकडे राहुरीस जाण्यास वेळ लागत नाही. ती बातमी खोटी आहे. करंजपाखाडीत कोणीही वारले नाही. उलट त्या दिवशी या गावात असा विजय झाला की जो पाहण्यास आपली भगिनी असावयास हवी होती. तो आपल्यासारख्या विद्वान माणसाला क्रमाने आणि शुद्ध भाषेत कळावा म्हणून मोबाइल बाजूला ठेवून कागद घेतला आहे. मोबाइलवर आपण दर दोन वाक्यांनी ‘हॅलो, हॅलो’ करता आणि माझा क्रम चुकतो.

आपण या गावी एकदाच आलात, तेही आपल्या भगिनीच्या, म्हणजे माझ्या प्रभुवासी पत्नी रूथ हिच्या मातीला. त्या दिवशी आपले लक्ष गावाकडे असणे शक्य नव्हते, म्हणून थोडी ओळख करून देतो. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली की उंच इमारती मागे राहतात आणि पुढे आमची वस्ती लागते. भाजीचे वाफे, विहिरी, वाळत घातलेली जाळी, आणि एवढ्याशा गावाला तीन चर्च. खालच्या पाखाडीत कॅथलिक बंधूंचे दगडी देऊळ आहे (ते चर्चला देऊळच म्हणतात), त्याला घंटेचा मनोरा आहे. मधल्या आळीत आमची मराठी मंडळी, जिचे छप्पर पत्र्याचे असले तरी शिस्त स्लॅबची आहे. आणि वर रस्त्याकाठी पास्टर नितेश यांचे प्रार्थनाघर. ते पूर्वी सायकल दुरुस्तीचे दुकान होते. आता तेथे दर शनिवारी रात्री गिटार, ढोल आणि लाउडस्पीकर यांच्या साहाय्याने स्तुती होते. प्रभूने तिघांनाही थोडे थोडे दिले होते. देवळाला अंगण आणि घंटा, आम्हाला बाकडी आणि मोठी पातेली, नितेश यांना आवाज. परंतु कोणी कोणाला काही देत नसे. देवळाच्या सणासाठी एकदा आमची बाकडी मागावयास आले होते, तेव्हा ‘ती उपासनेसाठी अर्पण केलेली आहेत’ असे उत्तर मी स्वतः दिले होते. उत्तर बरोबरच होते. फक्त त्यानंतर आमच्या मंडळीच्या वनभोजनाला देवळाचे अंगण मिळाले नाही.

आता मालनबाईविषयी लिहितो, कारण हे सर्व तिच्यापासून सुरू झाले. मालनबाई ही विहिरीजवळ राहणारी बौद्ध भगिनी. आयुष्यभर तिने टोपली डोक्यावर घेऊन बोरिवलीच्या बाजारात भाजी विकली. रूथच्या आजारपणात रोज संध्याकाळी ती येऊन बसत असे, आणि आमच्या मंडळीतील ज्या भगिनी येत नसत त्यांची नावे मी येथे लिहीत नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणसे ती आता पायरवावरून ओळखते आणि भाजी वासावरून. तिला एकदा शहरातील एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. तेथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर अशी दिवसभर फिरवून तिला ‘उद्या या’ असे सांगण्यात आले. ती परत आली आणि म्हणाली, ‘आंधळी मरेन, पण त्या जिन्यात पुन्हा पाय ठेवणार नाही.’ तिच्या बोलण्यात अतिशयोक्ती नसते.

अशा वेळी एका धर्मादाय संस्थेची डोळे तपासणीची गाडी भाईंदरकडच्या लांबच्या रस्त्याने वळसा घालून आमच्या गावी आली. सोबत डॉ. गंधाली म्हणून एक तरुण बाई होत्या. पद्धत अशी की गाडीत डोळे तपासायचे, ज्याला मोतीबिंदू असेल त्याला त्याच गाडीने संस्थेच्या लहान दवाखान्यात न्यायचे, शस्त्रक्रिया करायची आणि घरी आणून सोडायचे. जिना नाही, खिडकी नाही. परंतु गाडी पहिल्यांदा आली ती पास्टर नितेश यांच्या दारात उभी राहिली, म्हणून देवळातले लोक गेले नाहीत. देवळातले गेले नाहीत हे पाहून आमचे लोक आपली प्रतिष्ठा राखून घरी बसले, आणि दोन्ही चर्चचे लोक का गेले नाहीत याचा विचार करीत बाकीचे गाव घरी बसले. मालनबाई, नितेश यांचे दोन वादक आणि चुकून आत शिरलेली एक शेळी एवढ्यांचीच तपासणी होऊ शकली असती. (शेळीची झाली नाही.) डॉक्टरबाई जाताना मला म्हणाल्या, ‘आजोबा, पुढच्या खेपेला पण असंच झालं तर संस्था ही गाडी दुसऱ्या गावाला देईल हो. मालनताईंची साखर खाली आली की ऑपरेशन करता येईल, पण गाडी आली तरच ना!’ मालनबाई शेजारीच उभी होती. तिने डॉक्टरबाईंचा हात धरला होता तो सोडला.

तेव्हा मी ठरविले की हे चालणार नाही. तिन्ही चर्चची एक समिती करण्याचे मी सुचविले आणि लोक प्रथमच एकत्र बसले. बसण्यापूर्वी कोठे बसावे यावर बराच खल झाला. देवळात बसावे तर नितेश यांच्या लोकांना मूर्तींची अडचण, प्रार्थनाघरात बसावे तर देवळातल्या लोकांना ढोलाची अडचण, आणि आमच्याकडे चपला बाहेर काढाव्या लागतात याची सर्वांनाच अडचण. शेवटी मालनबाईच्या दारासमोरील विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. आरंभी प्रार्थना कोणी करावी? तिघांनी. देवळाचे पंच पास्कू परेरा यांनी क्रुसाची खूण करून आखूड प्रार्थना केली. मी मध्यम केली. पास्टर नितेश यांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा मालनबाईने आणलेल्या चहातून वाफ निघत होती. त्यांनी ‘आमेन’ म्हटले तेव्हा त्यावर साय आली होती. नंतर अध्यक्ष निवडण्याची वेळ आली. पास्कूंना नितेश चालेनात, नितेशना पास्कू चालेनात, आणि दोघांची दृष्टी एकाच वेळी माझ्याकडे वळली. हे माझ्या योग्यतेमुळे झाले. (‘दोघांनाही सारखाच नकोसा माणूस पाहिजे होता’ असे पास्कू नंतर म्हणाल्याचे ऐकतो, परंतु त्यांचा स्वभाव मूळचाच विनोदी आहे.)

अध्यक्ष या नात्याने मी पहिला ठराव असा मांडला की डॉक्टरबाई देवळाच्या अंगणात बसतील, लोक आमच्या बाकड्यांवर बसतील आणि त्यांना बोलावण्याचे काम नितेश यांचा लाउडस्पीकर करील. ठराव मंजूर झाला. सत्यवानराव, आमचे एक बाकडे पुढून देवळातल्या माणसाने आणि मागून प्रार्थनाघरातल्या माणसाने उचललेले मी पाहिले, आणि मधून मी चालत होतो, बाकड्याचे पाय दाराला घासू नयेत म्हणून सूचना करीत. त्याच आठवड्यात आणखी एक काम झाले. देवळाच्या घंटेचा दोर कुजला होता. मी वाकोल्याची नोकरी संपवून रूथसह येथे राहावयास आलो त्याच्याही आधीपासून ती घंटा मुकी होती. नितेश यांचा मेहुणा बोटीवर काम करतो. त्याने वर चढून नवा नायलॉनचा दोर बांधून दिला. आग लागली, भरतीचे पाणी शिरले तर गावाला हाक मारता यावी, हा हेतू. एकच गोष्ट जमेना. गावातील वृद्ध पुरुष तपासणीला येण्यास तयार होईनात, आणि घरातला पुरुष येत नाही तर आम्ही कशा येऊ, असे म्हणून बायकाही अडल्या. मी घरोघर गेलो. सर्वांचे उत्तर एकच, की आम्हाला सगळे स्वच्छ दिसते. (त्यांतील एक जण हे मला पास्कू समजून सांगत होता.)

रविवार उजाडला. उपासना आटोपून मी धुतलेला कोट घालून अंगणात आलो तो तेथे पुढच्या बाकड्यावर पांढरे लुगडे नेसून मालनबाई एकटी बसलेली. बाकीची बाकडी रिकामी. पास्कू गाडीला वाट दाखवावयास नाक्यावर गेले होते. पास्टर नितेश लाउडस्पीकरसमोर उकिडवे बसून त्याला थापट्या मारीत होते. ‘ब्रदर शांतवन, वाट लागली,’ ते म्हणाले, ‘सकाळपासून लाइट नाही, आणि बॅटरी काल रात्रीच्या स्तुतीत उतरली.’ मी त्यांना स्तुतीच्या प्रमाणाविषयी चार शब्द ऐकविणार होतो, इतक्यात मालनबाई म्हणाली, ‘कोणी आलं नाही ना? गाडी परत जाणार ना आता?’ तिने हे तक्रार म्हणून विचारले नाही. बाजारात शेवटची जुडी राहिली तर ‘ही घेता का’ म्हणून विचारावे, तसे विचारले. तेव्हा मला घंटा आठवली.

घंटा वाजविणे हे काम मला नवीन नव्हते. आपल्या गावच्या शाळेत कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि मी चौथीत असताना तो बडविण्याचा मान गुरुजींनी मला दिला होता. त्यानंतर माझी शाळा सुटली, परंतु हाताचे वळण सुटले नाही. मनोऱ्याची किल्ली कोठे टांगलेली असते हे अध्यक्षाला ठाऊक असलेच पाहिजे. मी दार उघडले, कोटाची बटणे लावली आणि दोर हाती घेतला. शाळेतल्या मुलांना पिटाळावे तशी घाईघाईने घंटा बडविणे मला प्रसंगास शोभणारे वाटले नाही. एवढ्या वर्षांनी घंटा बोलणार, तीन चर्चचे एकत्र कार्य, समोर डॉक्टर. तेव्हा तिला भारदस्तपणा हवा. म्हणून मी एक ठोका द्यावा, तो खाडीपलीकडे पूर्ण विरून जाईपर्यंत थांबावे, आणि मग दुसरा द्यावा, अशा रीतीने वाजविण्यास आरंभ केला. किती वेळ वाजविली हे सांगता येत नाही, कारण ते काम मला आवडू लागले होते.

मला नंतर कळले (आणि हे मला कोणीतरी आधी सांगावयास हवे होते, ही त्यांची चूक) की या गावात पूर्वी उपासनेची घंटा भराभर वाजत असे. संथ, एकेक ठोक्याची घंटा फक्त माणूस गेल्यावर वाजे. बाईमाणसाला थोडे ठोके, पुरुषाला जास्त, वडीलधाऱ्याला त्याहून जास्त. माझी घंटा ऐकलेले जुने लोक सांगतात की एवढी लांबलचक घंटा पूर्वी एका वयोवृद्ध फादरसाठी वाजली होती, आणि तीही मध्येच थांबली होती.

मेहुणे, या गावाची एक रीत सांगतो म्हणजे पुढचे समजेल. येथे सेवेला, सणाला, सभेला एकमेकांच्या दारी कोणी जात नाही. परंतु मातीला सर्व जातात. माणूस कॅथलिक असो, आमचा असो, बौद्ध असो, कोळी असो, घंटा किंवा रडणे ऐकू आले की हातातले टाकून निघायचे. आणि त्या घरची चूल पेटत नाही म्हणून प्रत्येक आळीतून भाताचे पातेले जाते. मी मनोऱ्यात ठोके देत होतो तेव्हा खाली अंगणात हे सर्व सुरू झालेले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. खालच्या पाखाडीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन आल्या. बौद्ध वस्तीतील तरुण पांढरे सदरे घालून आले. कोळी भगिनी मासळीच्या टोपल्या वाटेत ठेवून आल्या. कबर खणणारी दोन माणसे पहार आणि फावडे घेऊन आली. कोणी झेंडूचा हार आणला. आमच्या मंडळीतले लोक, ज्यांनी आजवर देवळाच्या अंगणात पाऊल ठेवले नव्हते, ते सर्वांत पुढे. खारदांड्याला दिलेल्या एका मुलीने फोनवरूनच रडावयास सुरुवात केली आणि तिचा नवरा रिक्षा करून निघाला.

आणि सर्व एकच विचारीत होते, की कोण गेले? ठोक्यांवरून एवढे निश्चित होते की पुरुष आहे, वृद्ध आहे आणि मोठा आहे. त्यामुळे ज्या ज्या घरात वृद्ध पुरुष होता त्या घराकडे लोक कळवळ्याने पाहू लागले. बायका येऊन सुनांच्या गळ्यात पडू लागल्या. शेवटी त्या घरातल्या लोकांना आपापले म्हातारे बाहेर आणून दाखविण्याशिवाय गत्यंतर राहिले नाही. ‘हा बघा आमचा, चांगला जिवंत आहे!’ असे म्हणत एकेकाला दंड धरून अंगणात आणण्यात आले. कोणी बनियनवर, कोणी हातात भाकरी घेऊन, एकाच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण. माझ्या आठवडाभराच्या विनवण्यांनी जे उंबरठ्याबाहेर आले नव्हते, ते सर्व आपण मेलेलो नाही हे सिद्ध करण्यासाठी स्वतःच्या पायांनी (काही ठिकाणी नातवंडांच्या) तपासणीच्या जागी हजर झाले.

गाडी तेव्हा वळणावर होती. डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितले की घंटा ऐकताच पास्कू ‘गेला! आमचा दादा गेला!’ असे ओरडून चालत्या गाडीतून उतरले आणि धावत सुटले. पास्कूंचे थोरले बंधू इनास आणि पास्कू यांच्यात एका आंब्याच्या फांदीवरून कित्येक वर्षे बोलणे नव्हते. पास्कू धापा टाकीत अंगणात आले तो इनास तेथे अर्ध्या तोंडाला साबण लावून उभे. पास्कूंनी त्यांना मिठी मारली. ‘दादा, तू आहेस रे!’ इनास म्हणाले, ‘आहे ना. का, फांदी तोडायला आलास?’ तरी मिठी त्यांनी सोडविली नाही. साबण दोघांना लागला.

याच वेळी मी दोर सोडून, रुमालाने हात पुसून बाहेर आलो. एवढी गर्दी पाहून मला आनंद झाला हे प्रांजळपणे लिहितो. मी पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बंधू-भगिनींनो, आपण सर्व आलात, समिती आपली आभारी आहे.’

‘बाबा, कोण गेलं ते सांगा!’

‘कोणीही गेलेले नाही. डोळे तपासणी आहे.’

सत्यवानराव, मी आयुष्यात पुष्कळ शांतता पाहिली आहे, परंतु एवढी माणसे असलेली शांतता पाहिली नव्हती. मग कबर खणणाऱ्यांपैकी एक जण पहार टेकवून म्हणाला, ‘म्हातारबा, ही आता आणलीच आहे, तर तुम्हीच झोपा ना.’ मी दुर्लक्ष केले. एक भगिनी म्हणाली, ‘माझं मटण चुलीवर आहे, करपलं असेल!’ मागून ‘काय मस्करी लावलीय!’ असा आवाज आला. पास्टर नितेश माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, ‘ब्रदर, एक सॉरी बोला ना, विषय संपेल.’ मी त्यांना सांगितले की समितीचा ठराव झाल्याशिवाय अध्यक्षाला दिलगिरी व्यक्त करता येत नाही. लोक वळू लागले. गाडी फाटकाशी येऊन थांबली होती, परंतु चालकाने इंजिन बंद केले नव्हते. डॉक्टरबाई काचेतून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला जे बोलावयाचे होते ते एकही वाक्य व्याकरणशुद्ध होऊन तोंडापर्यंत येईना.

तेव्हा पुढच्या बाकड्यावरून मालनबाई उठली. तिला दिसत नव्हते, म्हणून ती देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बोलली, परंतु बाजारात कमावलेला तिचा आवाज सर्व अंगणाला पुरला. ‘कोणी मेलं नाही म्हणून राग आलाय होय रे तुम्हाला? मी मेले की याल ना सगळे? हार आणाल, भात आणाल, खड्डा खणाल. मग जिती आहे तोवर या की घडीभर! रडायला निघाला होतात ना घरातून? डोळे बरोबरच आणलेत. दाखवा नि जा.’

कोणी हलेना. मग इनास तोंडावरचा उरलेला साबण पुसून बाकड्यावर बसले. थोरला बसला म्हणून पास्कू बसले. दोघे भाऊ बसले आणि आपण उभे, हे आमच्या मंडळीच्या वडीलवर्गाला शोभेना, म्हणून ते बसले. गाडीचे इंजिन बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या उरलेल्या आयुष्यात एखादे इंजिन बंद झाल्याचा एवढा आनंद पुन्हा होईल असे वाटत नाही. त्यानंतर जी रांग लागली ती फाटकाबाहेर गेली. अध्यक्ष या नात्याने मी ती सरळ ठेवली. झेंडूचा हार कोठे ठेवावा हे कोणाला सुचेना, तो गाडीच्या पुढच्या काचेवर बांधला. आणि दुपारी एकेका आळीतून भाताची पातेली येऊ लागली, कारण ती मघाशीच चुलीवर चढलेली होती आणि ज्या घरी न्यायची ते घर सापडत नव्हते. देवळातल्या बायकांचा भात, आमच्या भगिनींची आमटी, बौद्ध वस्तीतले वाटाण्याचे कालवण आणि कोळणींनी तेथेच तळलेली मासळी. वाढावयास नितेश यांचे वादक. आमच्या अर्पण केलेल्या बाकड्यांवर सर्व गाव जेवले आणि मी कोणालाही सांडू नका असे म्हटले नाही. (एकदाच म्हटले.)

शेवटी डॉक्टरबाईंनी सांगितले की गाडी दर महिन्याला येईल, असे त्यांनी वरिष्ठांना फोन करून पक्के केले आहे. अट एकच. ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांनी शस्त्रक्रियेला खरोखर यावयाचे, नाहीतर संस्था म्हणणार की गाव नुसते जेवावयास जमते. हे ऐकताच वृद्ध मंडळी पुन्हा जागेवरून उठू लागली. डोळ्याला पाते लावणार, हे काही बरे नव्हे, असे पुटपुटणे सुरू झाले. मालनबाईची साखर खाली आलेली होती, तिचे नाव नक्की होते. परंतु एकट्या मालनबाईसाठी गाडी येणार नव्हती. इनास म्हणाले, ‘अध्यक्ष आधी. अध्यक्ष गेले तर आम्ही जाऊ.’ डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवून माझ्या डोळ्यांत उजेड टाकला आणि म्हणाल्या, ‘आजोबा, उजवा तर पिकलाय की तुमचा!’ मी क्षणाचाही विलंब न लावता उभा राहिलो आणि उद्गारलो, ‘मी पहिला!’ नेमकी त्याच वेळी वीज आली. नितेश यांच्या लाउडस्पीकरचा माइक माझ्या शेजारीच होता आणि त्याचे बटण सकाळपासून चालूच राहिले होते. माझे दोन शब्द थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत गेले. टाळ्या झाल्या. नितेश यांच्या लोकांनी ‘हालेलुया’ म्हटले, देवळातल्या लोकांनी क्रुसाची खूण केली आणि मालनबाई म्हणाली, ‘दुसरी मी.’ त्यामागे इनास, त्यामागे पास्कू, आणि मग नावे लिहिता लिहिता डॉक्टरबाईंचे पेन संपले.

असा हा विजय आहे. बाकडी अजून देवळाच्या अंगणातच आहेत आणि मी ती परत मागितलेली नाहीत. पुढच्या महिन्यात समिती घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना रोज डबा पोहोचविण्याचे काम घेणार आहे. पातेली आमची, चूल देवळाची, पोहोचविणारे नितेश यांचे वादक. डोळ्यांच्या गाडीसाठी घंटा भराभर वाजवावी असा ठराव झाला आहे आणि मनोऱ्याची किल्ली सुरक्षिततेसाठी पास्कूंच्या कमरेला असते. वहिनीसाहेबांस सलाम, मुलांस आशीर्वाद. प्रभू आपणां सर्वांस सांभाळो. रूथच्या कबरेवर आपल्या नावाने फुले ठेवली आहेत.

आपला आज्ञाधारक,
शांतवन दादू पारखे
अध्यक्ष, तीन चर्च संयुक्त सेवा समिती, करंजपाखाडी

ता. क. शस्त्रक्रिया येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आहे. दवाखान्याच्या नियमाप्रमाणे सोबत घरचे एक माणूस लागते. कन्या प्रांजल मुलुंडहून येईल, परंतु ती येताना रडत येईल आणि मग मला अध्यक्ष या नात्याने उभे राहणे कठीण जाईल. तरी आपण यावे. भीतीचा प्रश्न नाही. डोळा उघडा ठेवून त्यात पाते घालतात एवढेच मी ऐकले आहे, आणि ते ऐकल्यापासून झोप येत नाही ती डासांमुळे.

ता. क. २. आपण का येत आहात असे गावात विचारणार हे ओळखून मी आधीच सर्वांना सांगून ठेवले आहे की मोतीबिंदू आपल्यालाही आहे, आपण शस्त्रक्रियेला अतिशय भिता, आणि आपल्याला धीर यावा म्हणून मी ती आपल्यासमोर करून दाखविणार आहे. तरी बोटीतून उतरताना थोडे चाचपडत उतरावे. मुख्याध्यापक असल्याचे कोणास सांगू नये. भित्रा माणूस मुख्याध्यापक होता हे ऐकून मुलांवर वाईट परिणाम होतो.

ता. क. ३. पत्र बंद करणार तोच मालनबाई काठी टेकीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, ‘बाबा, खरं सांगू का? मला लई भ्या वाटतंय. पण तुम्ही पुढं आहात ना, मग जाईन मी.’ मी तिला सांगितले की घाबरण्यासारखे त्यात काहीही नाही. ती हसली आणि निश्चिंत मनाने घरी गेली. तेव्हा मेहुणे, सोमवारच्या गाडीने निघू नये. रविवारीच यावे.